सायीची वाट वाकडी

मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलचाही नव्हे. तसा असतो तर निदान मोकळी हवा तरी खाल्ली असती. मी बाळांना दूध पाजणारा पंप आहे. हसू नका, मित्रांनो. वेळेआधी जन्मलेली बाळं इतकी लहान असतात की ओढून प्यायची ताकदच त्यांच्यात नसते. गिळायचं की श्वास घ्यायचा, याचाही मेळ त्यांना बसत नाही. मग त्यांच्या नाकातून एक बारीक नळी थेट पोटात सोडतात. नळीचं दुसरं टोक सिरिंजला जोडतात, सिरिंजमध्ये आईचं दूध भरतात आणि ती सिरिंज माझ्या पाठीवर निजवतात. मी तिचा दट्ट्या पुढे ढकलतो. किती हळू म्हणाल? शेजारून गोगलगाय गेली तर तिला वाटावं, आपण शर्यत जिंकलो.

आयुष्यभर मी हेच केलं. ढकललं. हळूहळू ढकललं. आता मी फार थकलो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासनीस बाईंचे कान असे तिखट होते की मुंगी शिंकली तर ती कोणत्या पायावर उभी राहून शिंकली, हेसुद्धा त्या सांगायच्या. त्यांनी मला उचलून कानाशी धरलं, माझी मोटर ऐकली आणि म्हणाल्या, "कुरकुरतो, पण काम करील." माझी पत्रिका तेवढ्या चार शब्दांत मांडून झाली.

मग मी दवाखान्यात आलो, लहान बाळांच्या खोलीत. खोली उबदार, पडदे ओढलेले, काचेच्या पेट्यांत मुठीएवढी बाळं आणि जिकडेतिकडे टिकटिक, टुंगटुंग. त्या खोलीत मी किती बाळांना पाजलं याची गणती नाही. एकदा भर दुपारी वीज गेली आणि सगळ्या यंत्रांनी माना टाकल्या. मी मात्र माझ्या बॅटरीवर एकटा चालत राहिलो, आणि उरलेल्या बॅटरीवर भिंतीवरचं घड्याळही चालवलं. विश्वास बसत नसेल तर घड्याळाला विचारा. ते सध्या बंद आहे, त्यामुळे नाही म्हणणार नाही.

लोक म्हणायचे, "म्हातारा आहे, पण इमानी आहे." हे ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की तुम्हाला सुट्टी मिळणार नाही.

मग माझा पाय मोडला. धुण्याच्या कपड्यांची ढकलगाडी वळणावर घसरली आणि माझ्या दांडीवर येऊन आदळली. दांडीला मला धरून ठेवणारा चिमटा वाकला, त्यामुळे माझं नाक, म्हणजे नळीकडचं टोक, वर गेलं आणि शेपटी खाली. आभाळात विमान शोधणाऱ्या माणसासारखा मी दिसू लागलो. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मला दोनदा हलवून पाहिलं.

"याचा हा भाग आता येत नाही," ते म्हणाले.

"मग?" एका सिस्टरने विचारलं.

"मग काय? चिकटपट्टी मारतो. पळेल."

पळेल म्हणे! मी आयुष्यात कधी पळालो आहे?

माझी तशी अवस्था सगळ्यांनी चालवून घेतली, एका व्यक्तीला सोडून. त्या म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर. सगळ्या खोलीचा कारभार त्यांच्या हाती. त्यांचे वडील गवंडी होते आणि जाताना लेकीला आपली पाणसळ ठेवून गेले होते. पाणसळ म्हणजे लाकडाची पट्टी. तिच्या मधोमध काचेची नळी असते, नळीत हिरवं पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. पट्टी भिंतीवर किंवा फरशीवर ठेवायची. बुडबुडा मध्यावर आला की काम सरळ, बाजूला सरकला की काम वाकडं. इतर सिस्टरांच्या खिशात पेन असायचं. यांच्या खिशातून ती पट्टी डोकावत असायची. पेट्या, कपाटं, भिंतीवरच्या पाट्या, सगळं त्या पाणसळ लावून सरळ करायच्या. माघारी सगळे त्यांना पाणसळबाई म्हणायचे. एक आया तर म्हणायची, "आज मी भात वाढून घेतला तर बाई त्यावरपण पट्टी ठेवतील." पण त्यांच्या हाताखाली एकही बाळ कधी भुकेलं राहिलं नाही, एकाचंही अंग कधी गार पडलं नाही. त्यांचा सरळपणा मायेचाच होता.

अशा बाईंच्या खोलीत मी वाकडा! त्यांनी मला उचललं आणि अडगळीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. मित्रांनो, खरं सांगतो, मला आनंद झाला. वाटलं, सुटलो एकदाचा.

पण दैव माझ्यावर दात धरून होतं. एका सकाळी जुळ्या मुली आल्या, दिवस भरण्याच्या कितीतरी आधी. अंगावर मांस म्हणून नाही, कातडी जुन्या कागदासारखी. दोघींची आई शिवणकाम करायची. तिच्या बोटांना सुयांचे ठिपके होते आणि गळ्यात मोजपट्टी विसरून राहिलेली होती. ती मशीनवरून उठून तशीच दवाखान्यात पोचली होती. खोली भरलेली होती आणि मोकळा पंप एकच होता. तो नवा होता, चकचकीत होता, पाटावर बसवल्यासारखा सरळ होता. तो थोरलीला मिळाला. धाकटी आकाराने आणखी लहान होती. तिच्यासाठी पंपच उरला नाही.

"तो म्हातारा आणा," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. मला पाहून त्यांनी असं तोंड केलं की जणू चहात मीठ पडलं आहे. "नाक बघा याचं, कुठे चाललंय! दुरुस्तीला निरोप द्या. तोवर राहू दे तसाच."

अशा रीतीने मी धाकटीचा झालो.

दोघी बहिणींना दूध एकाच आईचं, सारख्याच मापाचं, सारख्याच वेळी. आई शेजारच्या खोलीत बसून दूध काढायची आणि बाटलीत भरून आणायची. तिच्याबरोबर तिची मोठी बहीण असे, म्हणजे जुळ्यांची मावशी. मावशी गिरणीत कामाला होती. यंत्रांच्या आवाजात बोलून बोलून तिचा गळा मोठा झाला होता, त्यामुळे तिची कुजबुज सगळ्या खोलीला ऐकू जायची.

एकदा डॉक्टर पेटीजवळ उभे राहून आईला समजावत होते. डॉक्टर उंच होते. पेटीत वाकून पाहताना त्यांची घडी घालावी लागायची.

"मेंदू कशाचा बनतो माहितीये?" ते म्हणाले. "पाणी बाजूला काढलं, तर उरतं त्यातलं निम्म्याहून जास्त स्निग्धच असतं. आणि डोळ्यात मागे एक पडदा असतो, त्याच्यावर चित्र उमटतं. त्या पडद्याला एक खास स्निग्धाम्ल लागतं. डीएचए म्हणतात त्याला. पोटातल्या शेवटच्या महिन्यांत आई ते बाळाला भरभरून देते. या दोघी त्याआधीच निघून आल्या."

"म्हणजे शिदोरी न घेताच," आई हळूच म्हणाली.

"बरोबर बोललात."

"माझ्यावर गेल्यात," मावशी म्हणाली. "मीपण रोज डबा घरी विसरूनच कामावर जाते."

"मग आता हो, डॉक्टर?" आईने विचारलं.

"आता ती शिदोरी तुमच्या दुधातून जायची. म्हणून तुम्ही नीट खा. मासे खा, त्यात ते स्निग्धाम्ल तयार मिळतं. अक्रोड, जवस यांचाही थोडा उपयोग होतो. आणि काळजी कमी करा."

"ती कोणत्या दुकानात मिळते, कमी काळजी?" मावशीने विचारलं.

डॉक्टर हसले. मावशी दुसऱ्या दिवसापासून रोज मासे आणू लागली. आई बिचारी खायची. काही दिवसांनी म्हणाली, "ताई, आता मला पोहता येईल बघ." बाटली थोडा वेळ ठेवली की दुधावर जाड साय धरायची. मावशी ती बाटली उजेडात धरून सगळ्यांना दाखवायची. "बघा, बघा! माझ्या मासळीची साय!"

आणि मग काय झालं? धाकटी वाढू लागली. माझी धाकटी! रोज सकाळी काट्यावर ठेवली की काटा थोडा पुढे सरके. गालावर मांस आलं, कातडीखाली गुलाबी रंग आला. थोरली मात्र जिथल्या तिथे. दूध पूर्ण जायचं, उलटी नाही, ताप नाही, आणि तरी काटा ढिम्म. डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, पोट तपासलं, पेटीची ऊब तपासली. कशातच काही निघालं नाही.

नवा पंप मला म्हणाला, "तुझ्या पोरीचं नशीब जोरावर आहे. बाकी काम बघशील तर माझंच सरस. थेंबाचा हिशेब चुकत नाही माझा." यंत्रं आपसांत बोलतात, मित्रांनो. तुम्हाला फक्त टुंगटुंग ऐकू येतं.

मला काय बोलायचं होतं? मला तरी कुठे काही कळत होतं? आता मी इथे अशी थाप मारू शकतो की मला सगळं ठाऊक होतं आणि मी मुद्दामच नाक वर करून बसलो होतो. थापा मारायचा मला कंटाळा नाही. पण ही मारणार नाही. मी थकलेलो होतो, वाकलेलो होतो आणि फक्त ढकलत होतो.

आईचा जीव मात्र दोन पेट्यांच्या मध्ये अडकला होता. "ताई, मी थोरलीला कमी जवळ घेते का गं?"

"वेडी आहेस का? दोघींना सारखंच घेतेस. मी बघते ना."

"मग ती अशी का माझ्याकडे बघते? बघतसुद्धा नाही खरं तर. धाकटी डोळे उघडून टकमक करते. थोरलीचे डोळे उघडले तरी त्यात कुणी नसतं."

त्यावर मावशीला विनोद सुचला नाही. आणि मावशीला विनोद सुचत नाही तेव्हा परिस्थिती खरोखर वाईट असते, हे एव्हाना सगळ्या खोलीला कळून चुकलं होतं.

अशात एका सकाळी दुरुस्तीवाले काका आले, आनंदाने हात चोळत. कुठल्याशा मोडक्या यंत्रातून त्यांनी माझ्या मापाचा चिमटा काढून आणला होता. त्यांनी माझी चिकटपट्टी टराटरा ओढली. त्या पट्टीबरोबर माझा अर्धा रंगही गेला. मग त्यांनी मला नव्या चिमट्यात आवळलं. मोठ्या सिस्टरांनी पाणसळ काढून माझ्या पाठीवर ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला.

"आता कसा माणसात आला!" सिस्टर म्हणाल्या.

मी यंत्र आहे, बाई. पण असो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटीचा काटाही अडला.

आधी सगळ्यांना वाटलं, एखादा दिवस असतो असा. मग दुसरा दिवस तसाच गेला, मग तिसरा. गुलाबी रंग उतरला. टकमक थांबली. डॉक्टर येऊन बराच वेळ घडी घातल्यासारखे उभे राहिले. मग त्यांनी आईला बसायला सांगितलं. दवाखान्यात कुणी बसायला सांगितलं की समजावं, पुढचं वाक्य उभ्याने ऐकण्यासारखं नाही.

"मला वाटतं, तुमच्या दुधात स्निग्धांश कमी पडतोय," ते म्हणाले. "तुमची चूक नाही. असं होतं कधीकधी. उद्यापासून दोघींना डब्याचं दूध सुरू करू. काही बाळांना ते लागतं आणि ती छान वाढतात. मला आता थांबून चालणार नाही. मेंदूचे आणि डोळ्यांचे हे दिवस परत यायचे नाहीत."

आईने मान हलवली. हातातली बाटली तिने ओढणीखाली लपवली, जणू ती चोरून आणली होती. "म्हणजे माझ्याच दुधात कस नाही," ती म्हणाली. एवढंच. त्या खोलीत मी बाळांचं रडणं पुष्कळ ऐकलं आहे. ते रडणं बरं. या बाईच्या न रडण्याने माझी मोटर जड झाली.

मावशी मात्र उसळली. तिने ओढणीखालून बाटली काढली आणि मोठ्या सिस्टरांच्या नाकासमोर धरली. "ही बघा! ही साय नाही तर काय आहे, चुना? बाटलीत साय आहे, पोरींच्या अंगावर नाही. मग जाते कुठे? वाटेत कोण खातं?"

"हळू बोला, बाळं आहेत," सिस्टर म्हणाल्या.

"हळूच बोलतेय मी!"

हात रिकामे राहिले की सिस्टर पाणसळ काढत. तशी काढली आणि माझ्या पाठीवर, सिरिंजच्या शेजारी ठेवली. दूध नुकतंच संपत आलं होतं. आई ते पाहत होती. काहीतरी बोलावं, नाहीतर रडू येईल, अशा आवाजात तिने विचारलं, "हा बुडबुडा मध्येच का थांबतो हो?"

"तो हलका असतो ना. हलकं नेहमी वर जातं. पट्टी सरळ असली की वर म्हणजे मधोमध. काच किंचित फुगीर असते तिथे. आणि हे बघा, एक टोक उचललं की..." सिस्टरांनी पट्टीचं एक टोक उचललं. बुडबुडा सरसर धावत उचललेल्या टोकाला जाऊन बसला.

सिस्टरांची नजर पट्टीवरून शेजारच्या सिरिंजवर गेली. सिरिंज जवळजवळ रिकामी होती, पण आतून वरच्या बाजूला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पांढरी जाड रेघ चिकटून बसली होती. त्यांनी नळीत पाहिलं. नळीतही तीच रेघ. मग नव्या पंपाकडे गेल्या. तिथेही तीच. सिरिंज संपली की ती फेकून देत आणि नवी लावत. आत चिकटलेलं कोण बघतं?

"साय हलकी असते," त्या म्हणाल्या. स्वतःशीच. "दूध इतकं हळू जातं, की साय वर येऊन निजते. पातळ दूध पुढे जातं. साय इथेच राहते, आणि मी ती फेकून देते." मग माझ्याकडे वळल्या. "आणि तू... तुझं नाक वर होतं."

होतं, बाई. नाक वर, म्हणून साय नाकाशी. नाकाशी, म्हणून सगळ्यात आधी नळीत. धाकटीला मी रोज आधी शिदोरी पाजत होतो आणि मग पाणी. आणि तुम्ही मला माणसात आणलंत.

सिस्टरांनी एक टॉवेल घेतला, त्याची जाड घडी केली आणि दुरुस्तीवाल्या काकांचा नवा चिमटा सैल करून ती घडी माझ्या नाकाखाली खुपसली. मग नव्या पंपाच्या नाकाखालीही खुपसली. तो इतका रागावला की उगीचच टुंगटुंग करू लागला. सिस्टरांनी त्याच्या टाळक्यावर टपली मारली.

डॉक्टर आले. त्यांनी सिरिंज उजेडात धरली आणि बराच वेळ पाहिली. "तूप सरळ बोटानं निघत नाही म्हणतात," ते म्हणाले, "आणि आपण सगळा कारभार सरळ करून बसलो." मग आईकडे वळून म्हणाले, "मी तुमच्या दुधाला नाव ठेवलं. ते चुकलं माझं. डब्याचं दूध राहू दे. थोडे दिवस असं बघू."

"थोडे दिवस कशाला?" मावशी म्हणाली. "उद्याच बघा!"

उद्या काही झालं नाही. परवाही नाही. त्या दिवसांत मोठ्या सिस्टर काट्याकडे अशा बघत होत्या, जशी परीक्षेला बसलेली मुलगी निकालाच्या फळ्याकडे बघते. पाणसळ त्यांनी खिशातून काढलीच नाही. मग एका सकाळी धाकटीचा काटा हलला. आणि त्यानंतर पहिल्यांदाच, अगदी नाखुशीने, म्हाताऱ्याने जागेवरून उठावं तसा, थोरलीचा काटा उठला. आईने दोन्ही हात तोंडावर धरले. मावशी कुजबुजली, आणि तीन खोल्यांतली बाळं जागी झाली.

आता मला सुख लागेल असं वाटलं असेल तुम्हाला. पण डॉक्टर विचार करू लागले की थांबत नाहीत. ते म्हणाले, पंपापेक्षा लांब नळी वाईट, कारण नळीलाही साय चिकटते. मग नळी आखूड केली. मग म्हणाले, दोघी आता दमदार झाल्या आहेत. पंप हवा कशाला? सिरिंज उभी धरा हातात. दूध आपोआप उतरेल, साय निजायच्या आत पोटात जाईल. आणि शिवणकाम करणारी ती बाई दोन पेट्यांच्या मध्ये बसून, सुयांचे ठिपके असलेल्या बोटांनी सिरिंज उभी धरू लागली. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता, हे मला कबूल करावं लागेल. मी बंद झालो.

घरी जायच्या दिवशी डोळ्यांचे डॉक्टर येऊन गेले. पडदा नीट वाढतोय म्हणाले. पुढेही तपासायला आणा म्हणाले. मग आईने एकेकीला कडेवर घेऊन सगळ्या खोलीला दाखवलं. थोरलीला घेऊन ती माझ्यासमोर थांबली. मोठ्या सिस्टरांनी गंमत म्हणून माझं बटण दाबलं. माझा हिरवा दिवा लागला. थोरलीने तो पाहिला. आई डावीकडे झुकली तर तिचे डोळे दिव्यावर, उजवीकडे झुकली तरी दिव्यावर. त्या डोळ्यांत आता कुणीतरी होतं.

मी तिला डोळा मारला. मावशी म्हणते, जुनी बॅटरी आहे, दिवा मिचमिचणारच. तिला काय कळतंय?

सध्या मी सामानाच्या खोलीत वरच्या फळीवर असतो. अंगावर धूळ आहे, मोटरला झोप आहे. पण झोपू देतात कुठे? खोलीत नवी सिस्टर कामाला आली की मोठ्या सिस्टर मला खाली उतरवतात. नाकाखाली टॉवेल ठेवतात, दूध भरलेली सिरिंज लावतात, वडिलांची पाणसळ पाठीवर ठेवतात आणि म्हणतात, "बुडबुडा मध्ये आला तर मला हाक मारा. लगेच."

तर मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ आलं आणि त्याची आई दमलेली दिसली, तर तिला आधी चांगलंचुंगलं खायला द्या. तिच्या दुधाला नाव ठेवण्यापूर्वी भांड्याच्या कडेला काय चिकटून राहिलंय ते बघा. किती ओतलं हे सगळेच सांगतात, किती पोचलं हे कुणी विचारत नाही.

आणि कधी त्या खोलीत आलात, माझ्यावरची धूळ पुसलीत, तर फार उपकार होतील. फक्त पुसताना मला सरळ करू नका. या वयात ते सोसत नाही.